तिसरीचं नाव

लोकसाहित्याच्या अभ्यासकाकडे किस्से साठतात ते भातगिरणीमागे तुसाचा ढीग साठावा तसे. कामाचा दाणा ग्रंथात जातो, तूस मागे उरतं आणि वारा सुटला की नेमकं डोळ्यांत जातं. माझ्याकडचा एक ढीग चित्रपटाचा आहे. एका युनिटबरोबर मी भंडारा जिल्ह्यात दीड महिना काढला. चित्रपट आमच्याच भागातल्या एका बाईवर होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिने पाच शेजारणींना एकेक करून घरी बोलावलं, चहातून विष दिलं आणि त्यांचे दागिने काढून घेतले. जन्मठेप भोगत असताना ती तुरुंगातच वारली. चित्रपटात तिचं नाव चंद्रा, आणि मी बोली व लोकरीतींचा सल्लागार. मित्रांत हे किस्से मी हसत सांगायचो. अलीकडे सांगताना मध्येच थांबतो.

*

दिग्दर्शक निखिल पुण्याचा, तिशीतला, अतिशय सभ्य मुलगा. चंद्रावर माहिती गोळा करायला आम्ही पहिल्यांदा गेलो ते आसगावजवळच्या एका खेड्यात, सुनंदाबाईंकडे. मारल्या गेलेल्या पाचजणींपैकी तिसरीची ही मुलगी. वय पंचेचाळिशीचं, दोन एकर धानाची शेती. आम्ही येणार म्हणून तिने पोहे केले होते आणि आईचा फोटो पुसून खुर्चीवर ठेवला होता. फोटोला एक खुर्ची गेल्यामुळे मी बाजेवर बसलो.

तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, आईचं नाव गोंदलेलं होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. नाटक असतं, पाळणे असतात, गोंदणाऱ्या बसतात. आई गेली त्या वर्षीच्या मंडईत तिने ते गोंदवून घेतलं होतं.

निखिलने तासभर विचारलं. चंद्रा हसायची का? माहेरचं काही सांगायची का? सुनंदाबाई आठवून आठवून उत्तरं देत होती. मग म्हणाली, "तिचं पुसता, सांगून राहिलो. पन माह्या मायचं तुमी काइच नाइ पुसलं."

निखिल ओशाळला. "सांगा ना, ताई."

"सांगाचं काय? एक डाव तिचं नाव येऊ द्या न जी पिक्चरात. बस."

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझ्यावर सोडा, सुनंदाबाई."

गाडीत बसताच निखिल म्हणाला, "चंद्रा पोह्यांत जास्त साखर घालायची, हे लिहून घेतलंत ना, सर?"

मी लिहून घेतलं होतं.

*

पटकथेच्या बैठकीत निखिलची अडचण एकच होती. प्रेक्षकांना चंद्रा माणूस वाटली पाहिजे, आणि कागदावर तर ती नुसती पाच खून करते. मी त्याला कथांचं शास्त्र समजावलं. लोककथेतल्या राक्षशीला आई असते, तहान असते, कधीतरी कोणीतरी तिला दारातून हाकललेलं असतं. ती ज्यांना खाते त्यांना मात्र फक्त संख्या असते. सात राण्या, पाच भाऊ, बारा वाटसरू. ऐकणाऱ्याची करुणा इतिहासाला चिकटते, आकड्याला चिकटत नाही.

निखिलच्या सहायकाने हे इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवशीच्या कामाच्या तक्त्यात पाच शेजारणींची नावंच उडाली. तिथे छापलं होतं: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी.

"सर, तुमच्या सिद्धांतामुळे काम सोपं झालं," तो म्हणाला. मला त्या वेळी ही दाद वाटली.

*

चंद्राची भूमिका करणारी ऋचा फार मेहनती होती. 'मले', 'तुले', 'काहून' आठवड्यात तिच्या तोंडी बसलं. पण तिला काहीतरी खूण हवी होती, जिच्याकडे पाहून चंद्राला आपली आई आठवेल. मी सुचवलं, मनगटावर तीन ठिपक्यांचं गोंदण. आई सासरी जाणाऱ्या लेकीच्या हातावर तीन दाणे गोंदवते: एक माहेरचा, एक सासरचा, एक तिचा स्वतःचा.

"किती सुंदर!" ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही प्रथा कुठली, सर?"

तीन ठिपके मी कोंढ्याच्या एका म्हातारीच्या हातावर पाहिले होते. अर्थ विचारल्यावर ती म्हणाली होती, "अर्थ कायचा? चांगले दिसते म्हनून." दाण्यांचा अर्थ माझा स्वतःचा होता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या भाकडकथा पकडण्यात गेली. माझी मात्र कोणी पकडली नाही. ती पोस्टरवर गेली.

*

चहाचा प्रसंग लाखनीजवळ चित्रित झाला. गावातल्या बायका गर्दीसाठी बोलावल्या होत्या. सुट्टी झाल्यावर ऋचा चंद्राच्याच लुगड्यात, आपुलकीने, चहाचा ट्रे घेऊन त्यांच्याकडे गेली. "घ्या न बाई, थंडा होऊन जाईन." उच्चार बिनचूक. मला अभिमान वाटला.

एकीनेही कप उचलला नाही. शेवटी एक आजीबाई म्हणाल्या, "पोरगी तू गुनाची हायेस वं. पन आमी घरूनच पिऊन आलो."

सगळं युनिट हसलं. सुनंदाबाई उठली, तिने एक कप उचलला आणि उभ्यानेच पिऊन टाकला. मग ऋचाला म्हणाली, "माह्या मायनंबी असाच घेतला असंन. तुह्या बोलन्यावरून समजलं मले."

*

ती तिथे कशी, तर निखिलला तिसरीचा मृतदेह म्हणून झोपायला कोणी हवं होतं, आणि सुनंदाबाई स्वतः विचारत आली होती. तिचा हिशेब सरळ होता. संवादात नाव घेत नाहीत ना, मग हात तर दिसेल. चादरीबाहेर डावा हात, हातावर आईचं नाव. सकाळपासून तिने तो हात दोनदा धुतला होता.

मेकअपवाल्याने ते पाहिलं आणि निखिलला बोलावलं. निखिलने मला. वकिलांनी खऱ्या व्यक्तींची नावं टाळायला सांगितली होती, शिवाय मेलेल्या बाईच्या हातावर तिचं स्वतःचं नाव प्रेक्षकाला गोंधळात टाकेल. दोन्ही मुद्दे रास्त होते. ते तिच्या बोलीत तिला समजावणं हे माझं काम होतं.

ती म्हणाली, "सर, जुन्या बाया म्हनत, दागिने इथंच राह्यते, गोंदन तेवढं संग जाते. त्या बाईनं माह्या मायचं सगळं काढून नेलं. गोंदन तिलेबी नेता आलं नाइ."

मी म्हणालो, "थोड्या वेळापुरताच रंग आहे. धुतला की जाईल."

तिने हात पुढे केला. मेकअपवाल्याचं काम अप्रतिम. जवळून पाहूनही तिथे काही होतं असं वाटेना. मग तो शेजारी ऋचाच्या मनगटावर तीन दाणे काढायला बसला. एकच डबा, दोन ब्रश.

कॅमेऱ्यामागून सहायक ओरडला, "तिसरी रेडी?"

आणि सुनंदाबाई हालत नाही हे पाहून मीही म्हणालो, "तिसरी, झोपा आता."

*

भंडाऱ्याच्या थिएटरात मी सुनंदाबाई आणि तिची मुलगी प्राची यांना घेऊन गेलो. प्राची कॉलेजात शिकते. तो प्रसंग आला. पडदाभर तो कोरा हात. चंद्रा बाजेजवळ बसते, मेलेल्या बाईच्या बांगड्या काढता काढता थांबते, स्वतःच्या मनगटावरच्या तीन दाण्यांकडे पाहते आणि आईला हाक मारून रडते. चित्रपट म्हणून तो क्षण निर्दोष आहे. थिएटरभर हुंदके. प्राची रडली. मीही चष्मा काढला.

सुनंदाबाईने रुमाल पुढे केला. "घ्या सर. मले नाइ लागत."

*

पुढच्या मंडईत मी त्यांच्या गावी गेलो होतो. गोंदणारी मशीन घेऊन बसली होती आणि समोर पोरींची रांग. नमुन्यांच्या फलकावर मोर, बदाम, त्रिशूळ, आणि सगळ्यांत वर तीन ठिपके.

"हे जास्त चालून राहिलं," गोंदणारी मला सांगू लागली. "पिक्चरातलं हाये. जुनी रीत हाये म्हनते, तीन दान्याची."

रांगेत प्राची होती, शेजारी सुनंदाबाई. मला पाहून प्राचीचा चेहरा खुलला. "सर, आई नाइ म्हनून राहिली. तुमी सांगा न तिले, हे आपलंच हाये म्हनून."

मी काही बोलायच्या आत सुनंदाबाई म्हणाली, "नाइ कोन म्हनते? घे गोंदून." मग गोंदणारीकडे वळली. "तीन दाने काढा. अन् खाली तिच्या आजीचं नाव लिवा."

"काय नाव?"

"सर सांगतीन," सुनंदाबाई म्हणाली. "त्याइले सगळं मालूम हाये."

गोंदणारीने सुई उचलली. रांगेतल्या पोरी माझ्याकडे पाहू लागल्या. चंद्राच्या तोंडचा प्रत्येक शब्द मला तेव्हा पाठ होता, तिच्या पोह्यांतली साखरसुद्धा. माझ्या ओठांवर आलं, "तिसरी."

मी सुनंदाबाईच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तिने पदर बोटांपर्यंत ओढून घेतला होता.