कार्बोरेटरचे जेट आणि माझे सोवळे

आयुष्यभर देवापुढे बसलेल्या माणसाच्या मनात देवाविषयीच शंका यावी, ही गोष्ट लाजिरवाणी खरी. पण लिहायचेच म्हटल्यावर ती लपवून चालणार नाही. माझा मुलगा माधव लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर आहे. गेल्या वर्षी त्याला मज्जातंतूंचा आजार झाला आणि हातापायांतील बळ पाहता पाहता ओसरले. दोन महिन्यांनी तो रुग्णालयातून रत्नागिरीस आमच्याकडे आला, हळूहळू चालू लागला. बोटे मात्र थरथरत राहिली. डॉक्टरांनी सांगितले, बळ परत येईल, पण बोटांकडून बारीक कामे करून घ्या. मी पंचायतनाची पूजा चुकवत नव्हतो, जपाची संख्याही वाढवली होती. तरी आसनावरून उठताना मनात येई की, हे सारे कोणी ऐकत आहे काय?

आमच्या पडवीत माधवची एक जुनी स्पोर्ट्स मोटारसायकल कित्येक वर्षे बंद उभी होती. तिला सिलिंडर दोन, म्हणून कार्बोरेटरही दोन. पेट्रोल आत सुकून दोन्ही तुंबले होते. माधवने बोटांसाठी तेच काम निवडले. "बाबा, हे दोन्ही उघडून, धुऊन मी परत बसवले आणि गाडी नीट चालली, तर कामावर जाईन. नाहीतर राजीनामा. कारखान्यात हात थरथरून नाही चालत, कुणाच्या तरी जिवावर बेतायचं." त्यानंतर तो रोज सकाळी चटईवर बसून एकेक भाग सुटा करी. एक स्क्रू धरायला त्याला पाच-पाच मिनिटे लागत, पण धरी.

कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा एक इवलासा पितळी भाग असतो. त्याच्या केसाएवढ्या छिद्रातून पेट्रोल मोजून इंजिनात जाते. दोन कार्बोरेटरांचे असे दोन जेट माधवने वाटीत भिजत ठेवले होते. एका सकाळी पूजेची उपकरणे घासताना माझी दृष्टी त्यांवर गेली. पितळ काळे पडलेले मला पाहवत नाही. पळी-पंचपात्राबरोबर तेही मी आमसुलाने आणि राखेने लखलखीत केले; एकाचे छिद्र बुजल्यासारखे वाटले म्हणून त्यातून दोनदा सुई फिरवली, तीही स्तोत्र म्हणत. मग दोन्ही मुकाट्याने वाटीत ठेवले. आपल्या हातून मुलाची थोडी सेवा घडली, असेच मला वाटले.

गाडी जोडून झाली. किक मारताच एक सिलिंडर गोड चालू लागला, दुसरा काळा धूर सोडून अडखळू लागला. माधवने कार्बोरेटर तीनदा उघडले, तीनदा बसवले. तिसऱ्यांदाही तेच झाले, तेव्हा त्याने जेट काढून पुन्हा वाटीत टाकले आणि पाना खाली ठेवला. "माझे हातच गेले, बाबा." राजीनामा लिहून झाला, सोमवारी पाठवायचा ठरला. मला सुई आठवत होती. पण जन्मभर इतरांचे मंत्रोच्चार सुधारणाऱ्या माझ्या तोंडून "माझे चुकले" एवढे शब्द निघेनात.

शनिवारी मी घरी खोटे बोललो. यजमानांकडे पाठ आहे असे सांगून, ते दोन्ही जेट गंधाच्या डबीत घालून एस.टी.ने राजापूरला गेलो. तिथे जुन्या सुट्या भागांचे एक दुकान आहे असे ऐकले होते. त्या जागी आता मोबाइल विकले जात होते. परतीच्या बसमध्ये मी डबी उघडून नुसता पाहत बसलो. शेजारी साठीचे, जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक गृहस्थ होते.

"काका, जेट काय ते? बघू." त्यांनी एक उचलला आणि हसले. "हे आमसुलानं घासलंत की काय? असा गुलाबी पेट्रोलनं नाही होत!" मग दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले. "आणि ह्याच्यात सुई घातलीत. भोक मोठं झालंय, बघा. पेट्रोल जास्त जाणार, गाडी धूर ओकणार."

मी सारे सांगून टाकले. घरच्यांपुढे जे बोलवले नाही, ते परक्यापुढे बोलवले.

"लांज्याला उतरा माझ्याबरोबर," ते म्हणाले. "माझी तसलीच गाडी केव्हाच भंगारात गेली, कार्बोरेटर तेवढे राहिलेत." स्थानकाजवळच्या घरातून त्यांनी तेच क्रमांक कोरलेले दोन जेट आणून माझ्या तळहातावर ठेवले. "पण आधी मुलाला खरं सांगा. गुपचूप बदललेत तर गाडी चालेल, पण आधीची चूक आपलीच होती असं त्याच्या मनात राहील." मी नाव विचारले. "नाव कसलं घेऊन बसलात? ती बघा, रत्नागिरी लागली. पळा!"

घरी पोचलो ते पाय न धुताच माधवसमोर बसलो आणि आमसुलापासून राजापूरपर्यंत सर्व सांगितले.

"म्हणजे मी बरोबर बसवलं होतं? तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "तरीच आमसुलं संपली! ह्यांनी इंजिनाला सार पाजलंनी!" आणि आजारपणानंतर प्रथमच माधव पोट धरून हसला.

रविवारी सकाळी तो नवे जेट बसवू लागला. पहिला हातातून दोनदा निसटला. उचलून द्यायला माझा हात पुढे गेला, आणि मीच तो मागे घेतला. तिसऱ्या वेळी त्याने बसवला. किक मारली तेव्हा दोन्ही सिलिंडर एका लयीत बोलू लागले. राजीनाम्याचा कागद त्याने स्वतःच फाडला. पंधरा दिवसांनी तो लोट्याला रुजू झाला.

त्या गृहस्थांना देवाने पाठवले काय, हे मी सांगू शकत नाही, आणि त्याविषयी कोणाशी वादही घालणार नाही. पूजेच्या संकल्पात मी इतरांसाठी नाव-गोत्र उच्चारतो; त्यांचे दोन्ही मला ठाऊक नाही. म्हणून तिथे क्षणभर थांबतो आणि मग पुढे जातो. शरणागतीवर मी पुष्कळ प्रवचने केली. देवाला उजळलेलेच अर्पण करावे, अशी माझी समजूत होती. परंतु त्याने माझ्याकडून स्वीकारली ती एक चूक, आणि तीही मुलासमोर कबूल केल्यावर. तेवढ्याने माझ्या मुलाला त्याचे हात परत मिळाले. याहून अधिक मागण्याचे धैर्य आता मला होत नाही, आणि गरजही वाटत नाही.