परबांच्या घरची चिठ्ठी

प्रिय निखिल,

तुझा ईमेल तुझ्या काकूने मोठ्या अक्षरात छापून दिला, म्हणून वाचता आला. कंपनी तुला दोन कामांमधून एक निवडायला सांगते आहे. पहिल्यात लांबच्या फेऱ्या, आठवड्यातल्या चार रात्री हॉटेलात, खर्च कंपनीचा. दुसऱ्यात गावातल्या गावात ट्रक चालवायचा आणि रोज संध्याकाळी घरी. शेवटी तू लिहिलंस, "आजी, तू एके काळी ट्रकवाल्यांची हेडमास्तरीण होतीस, तूच सांग."

वाचून हसू आलं. मग दोन दिवस झोप लागली नाही. तुझ्या आजोबांनाही अर्धीच सांगितलेली एक गोष्ट आहे, ती आता पूर्ण लिहून काढते. तुझ्या बहिणीलाही वाचायला दे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. गिरगावात आमच्या चाळीमागच्या विहिरीवर 'कुणीतरी आहे' म्हणून तिन्हीसांजेला बायका तिकडे फिरकत नसत. मी त्या विहिरीच्या काठावर बसून इंग्रजी ग्रामर पाठ केलं, कारण अख्ख्या चाळीत तेवढी एकच जागा शांत होती. कुणी दिसलं नाही. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते घाबरट बाईचं लिहिणं समजू नकोस.

मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले आणि कॉटन ग्रीनला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत क्लार्क म्हणून लागले. आम्ही तोवर दादरला राहायला आलो होतो. कंपनीचे पंचवीसेक ट्रक. काही 'लोकल' — गोदीतून माल उचलायचा, परळ-लालबागच्या गिरण्यांत पोचवायचा, संध्याकाळी घरी. बाकीचे 'लाइन'वर — पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर. लाइनवाल्यांसाठी मालकांनी कऱ्हाडला एका लॉजमध्ये कायमची खोली घेतली होती आणि त्याचा त्यांना फार अभिमान. "माझे ड्रायव्हर गाडीखाली झोपत नाहीत," असं येईल त्याला सांगायचे.

दर शनिवारी पुढच्या आठवड्याची ड्यूटी लिस्ट मी टाइप करायची. आमच्याकडे आणखी एक पद्धत होती — लिस्ट झाली की प्रत्येक ड्रायव्हरच्या घरी एक चिठ्ठी जायची. ड्रायव्हर बरेचदा गोडाऊनवरूनच परस्पर गाडी घेऊन निघत, घरच्यांना पत्ता नसे. म्हणून शिपाई घरोघरी चिठ्ठ्या देऊन येई : अमुक लाइनवर, अमुक वाराला परत. बायका त्या चिठ्ठीवर चूल पेटवायची की नाही ते ठरवत. त्या चिठ्ठ्या मी स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत असे. तीन वर्षांत एकही चूक नाही... असं मी तेव्हा सांगत असे.

विष्णू परब हे लाइनवरचे जुने ड्रायव्हर. मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे असतील, पण मला "बाई" म्हणत आणि टेबलासमोर टोपी काढून उभे राहत. एका शनिवारी आले आणि उभेच राहिले.

"बोला परब."

"बाई, माका लोकल द्या."

"लॉजमध्ये काही गैरसोय आहे का?"

"छे! गादी आसा, पंखो आसा. घरात गोधडी, नि वर पावणे." ते हसले, आणि हसता हसता थांबले. "माझी शकू साडेतीन वर्षांची झाली. परवा घरी गेलो तर आईला सांगते, 'आई, कऱ्हाडचे काका इले.' मी तिला उचलली तर रडायला लागली. बाई, लॉजवाला माका नावानं ओळखता. माझी पोर नाय ओळखत."

नियमाप्रमाणे त्यांच्या आधी दोघांचा नंबर होता. मी नियम मोडणारी नव्हे. पण त्या दिवशी मॅनेजरांशी भांडले आणि परबांचं नाव लोकलमध्ये टाइप केलं. घरची चिठ्ठीही त्यांच्यादेखत लिहिली : 'सोमवारपासून लोकल. रोज संध्याकाळी सहाला घरी.' त्यांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "सहा जरा ठळक करा." मी सहाचा आकडा गिरवला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. सभा, मोर्चे, हरताळ, मध्येच कर्फ्यू. माझे वडील सरकारी नोकर, म्हणून घरात गप्प बसायचे आणि माझा भाऊ मुद्दाम गॅलरीत उभा राहून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" ओरडायचा. सोमवारी सकाळी वरळीकडे कर्फ्यू लागला आणि कऱ्हाडची गाडी नेणारा ड्रायव्हर तिकडेच अडकला. माल भरून गाडी उभी. गोडाऊनवर हजर होते ते परब.

मॅनेजर म्हणाले, "दोन दिवसांचा प्रश्न आहे. बुधवारी परत."

परबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घरी मी दुसरी चिठ्ठी पाठवते." त्यावर ते गाडीत चढले.

शिपाई त्या दिवशी आलाच नाही, तोही मोर्चात. मी वहीत 'परब — चिठ्ठी बाकी' असं लिहिलं, आणि... विसरले. निखिल, तुझी आजी कपाटातले रुमालसुद्धा रंगावार लावते म्हणून तुम्ही हसता. ही सवय कुठून लागली ते आता कळेल.

रस्ते बंद पडले. परब कऱ्हाडलाच अडकले. शनिवारी सकाळी लावलेला ट्रंक कॉल दुपारी बाराला लागला. लॉजखालच्या दुकानात फोन होता, त्यावर परब स्वतः आले. आवाज अगदी स्पष्ट. बुधवारी माल उतरवताना दोर सरकून उजव्या तळव्याला टाके पडले म्हणाले. मग विचारलं, "बाई, घरी कळवलात मा?"

समोरच्या वहीत 'चिठ्ठी बाकी' तसंच होतं. मी म्हटलं, "आजच जाऊन सांगते."

त्या दिवशी कर्फ्यू नव्हता, पण ट्राम बंद होती. पाच वाजता ऑफिसातून निघाले आणि चालत लालबागला गेले. परबांची चाळ शोधून दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा पावणेसहा झाले असतील. ऊन अजून गॅलरीत होतं. परबांची बायको, सुलोचना, तांदूळ निवडत बसली होती. मी नाव सांगताच धडपडून उठली.

"अगो बाई, चिठ्ठीवाल्या बाई त्या तुम्हीच? या, बसा. हे येतीलच आता."

मी म्हटलं, "कोण येतील?"

"शकूचे बाबा. सहाक येतत रोज. सोमवारपासून एक दिस चुकले नाहीत. तासभर बसतत, नि परत जातत गोडाऊनवर. दगडफेकीचे दिवस, गाडीत झोपूक लागता म्हणतत." मग आवाज बारीक करून म्हणाली, "जेवत काय नाहीत. पण पोर बघा माझी! पाच-सा दिसांत बाबा बाबा करूक लागली. तुमचे उपकार, बाई."

भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली माझी चिठ्ठी खोचलेली होती. ठळक सहा.

माझ्या मनात आलं ते एवढंच, की परबांनी मला फसवलं. गाडी कुठेतरी टाकून मुंबईत आले आणि फोनवर दुसऱ्याच कुणाला बोलायला उभं केलं. मला रागच आला. तेवढ्यात लाकडी जिन्यावर पावलं वाजली. शकू "बाबा!" म्हणत गॅलरीतून धावली.

ते परबच होते. खाकी शर्ट, एक बाही दुमडलेली, कडेवर मुलगी. रोज टेबलासमोर उभे राहायचे तेच. मी आजवर ऐकलेल्या गोष्टींत काहीतरी विचित्र असतं — डोळे, पावलं, थंडी. इथे काहीच नव्हतं. पोरगी त्यांच्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती. ते खाली बसले आणि त्यांनी तिचे केस कपाळावरून मागे सारले. उजव्या हाताने. तळवा माझ्याकडे होता. स्वच्छ. टाके सोड, ओरखडासुद्धा नव्हता.

मी म्हटलं, "परब, आज बारा वाजता..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी साधेपणाने, ऑफिसात बोलायचे तसंच म्हणाले, "चिठ्ठीत सहाच लिहिलंत ना, बाई?"

मी उठले. चहा टाकते म्हणत सुलोचना मागे आली, पण मी थांबले नाही. दादरपर्यंत कशी चालत गेले, आठवत नाही.

सोमवारी ऑफिसात पोचताच कऱ्हाडला फोन लावला. या वेळी लॉजवाला बोलला. मी विचारलं, शनिवारी संध्याकाळी परब कुठे होते?

"कुठं म्हंजे? हितंच की! या खेपंला त्यास्नी झोपंचा लई नाद लागलाय बघा. रोज सांजच्याला साडेपाचला आडवं हुत्यात, हाका मारल्या तरी उठंनात. परवा तर मी घाबरलो, नाकाशी हात लावून बघितला. सातच्या पुढं आपसूक उठून बसत्यात."

मी फोन ठेवला. मॅनेजरांना काही सांगितलं नाही. कुणालाच नाही. आणि कबूल करते, नवी चिठ्ठी घेऊन लालबागला पुन्हा जायचं धाडसही झालं नाही.

गुरुवारी रस्ते खुले झाले आणि परब परत आले. हाताला पट्टी. मी त्यांना लगेच लोकलवर टाकलं. शुक्रवारी सकाळी ते ऑफिसात आले, तेव्हा टोपी काढली नाही. चेहरा असा की मी खुर्चीतून उभी राहिले.

"बाई, माझ्या घरी कोण येत होतं?"

मी दार लोटून घेतलं.

"बायको म्हणते, परवापर्यंत पट्टी नव्हती. म्हणते, तुम्हीच तर रोज येत होतात. मी तिला काय काय बोललो... बोलू नये ते बोललो. ती देवाची शपथ घेते. म्हणते, चिठ्ठीवाल्या बाईंना विचारा."

त्या क्षणी एका बाईचा संसार माझ्या जिभेवर होता. खरं सांगितलं तर मी वेडी ठरणार होते. खोटं बोलले असते तर सुलोचना मेली असती.

"परब," मी म्हटलं, "मी तिथे होते. मी डोळ्यांनी पाहिलं. ते तुम्हीच होतात. तिच्यावर संशय घेऊ नका."

ते बाकावर बसले आणि म्हणाले, "मला कऱ्हाडला रोज एकच स्वप्न पडत होतं. मी जिना चढतोय. वरपर्यंत कधी पोचलो नाही, बाई. जिन्यातच जाग यायची."

सुलोचनाचं आणि त्यांचं मिटलं. वाटलं, संपलं. आता माणूस रोज सहाला खरोखरच घरी होता. पण तीन आठवड्यांनी, एका दुपारी, परब पुन्हा टेबलासमोर उभे राहिले. या वेळी टोपी हातात होती.

"बाई, माका लाइनवर टाका."

"काय झालं?"

"शकू माझ्याकडे येत नाय. हात बघते नि म्हणते, बाबांचो हात असो नाय. सहा वाजले की जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसते. मी घरात बसलेलो, आणि पोर बाहेर बापाची वाट बघते. आठ दिवस नीट जेवली नाय. अंगात ताप आसा." त्यांनी टोपी पिळली. "मी घरात असलो की तो येत नाय."

"परब, असं काही नसतं."

"मग तुम्ही त्या दिवशी कोणाक बघितलात?"

डॉक्टरांना, तुझ्या आजोबांना, एका मानसशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला — हेच मी पुढे फिरवून फिरवून विचारलं. बायकोला भास, मुलीला भास हे एक वेळ समजेल. पण मी?

मी मशीनला कागद लावला आणि परबांचं नाव कऱ्हाडच्या लाइनवर टाइप केलं. सवयीने घरची चिठ्ठी लिहायला घेतली, तर त्यांनी माझ्या हाताजवळ हात ठेवला. टाक्यांचा व्रण अजून लाल होता.

"नको बाई. घरात आहे तीच राहू दे."

पुढच्या आठवड्यात शिपायाने सहज सांगितलं, परबांची पोर बरी आहे, जिन्यात खेळताना दिसली. मी काही विचारलं नाही. माझं लग्न होईपर्यंत दीड वर्ष मी तिथे होते. परब दर खेपेला कऱ्हाडच मागून घेत. संध्याकाळी पाचनंतर मी कधी लालबागवरून गेले नाही, भायखळ्यावरून वळसा घालून गेले.

तेव्हा निखिल, लॉजची गादी की घर, हे मी तुला सांगू शकत नाही. तुझे हप्ते, तुझी तिकडची थंडी, तुझे रस्ते तुलाच ठाऊक. फक्त एक कर. तुझ्या लेकीला, छोट्या मीराला वेळ सांगितलीस, तर त्या वेळेला तू स्वतः पोच. आणि पोचता येणार नसेल, तर तिला सांग, येणार नाही म्हणून. रडली तर रडू दे. पण तिला खोट्या वेळेची वाट बघायला लावू नकोस. वाट बघणाऱ्याकडे कोण येतं, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी,
आजी