शंभर टक्के

वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात मी इंटर्न आहे. घोडबंदर रोडच्या आमच्या मोठ्या शाखेसाठी नवा गेटवे घ्यायचाय, म्हणजे सगळ्या शाखेचं इंटरनेट ज्यातून जातं आणि तपासलं जातं तो बॉक्स. कुठला घ्यायचा ते आमच्या मॅडम ठरवणार. त्यासाठी एका कंपनीचे सेल्सवाले सर त्यांचा बॉक्स घेऊन नेहमी येतात. बोलताना त्यांचा तळहात बॉक्सवर असतो, आणि काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "शंभर टक्के."

मला ते आवडायचे. इंटर्नला चहा विचारणारे तेवढेच.

"डोंबिवलीचा ना तू? बायोडाटा पाठव, आमच्याकडे लावतो तुला."

"खरंच, सर?"

"शंभर टक्के."

आमच्या घरात ऑफिसात नोकरी करणारा मीच पहिला ठरणार होतो. मी घरी सांगूनही टाकलं.

काल मॅडमसमोर बॉक्सच्या वेगाची चाचणी होती. मॅडम फोन घ्यायला वळल्या, तेवढ्यात सरांनी बॉक्समधली व्हायरसची तपासणी बंद केली. स्क्रीनवर वेग झकास आला. त्यांनी मला डोळा मारला, जणू मी त्यांचाच माणूस. तेव्हा मला त्या चहाचाही संशय आला.

"मॅडम," मी चाचरत म्हणालो, "तपासणी चालू ठेवून एकदा बघूया का?"

वेग निम्म्यावर आला.

"अरे, राहूनच गेलं वाटतं," सर हसून म्हणाले, पण त्यांचा हात बॉक्सवरून निघाला होता.

लिफ्टपाशी मी धीर करून विचारलं, "सर, बायोडाटा पाठवू ना?"

"बघू," ते म्हणाले.