कोरडवाहू गोल

आमच्या थोरल्या साडूंनी जगातली एकही गोष्ट आजवर केवळ ऐकून मानलेली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हेही त्यांनी आपल्या गावच्या, बेल्याच्या शिवारात स्वतः उभं राहून तपासलं असावं, असा माझा संशय आहे. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. पण मौका, म्हणजे जागेवर जाऊन, पाहिल्याशिवाय भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते मान्य करत नाहीत. पाहणी झाली की निकाल एका शब्दात: दाखल, नाहीतर खारिज. एकदा तामसीचे एक दूरचे नातलग वारल्याचा निरोप आला. बाकीचे रडायच्या तयारीला लागले, साडू पहिल्या बसनं तामसीला गेले. नातलग अंगणात चहा पीत बसले होते. साडूंनी त्यांच्याबरोबर चहा घेतला, परत आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "खारिज." तेव्हापासून माझ्या सासुरवाडीत त्यांच्या शब्दाला हायकोर्टाचं वजन आहे.

त्यामुळे स्वातीचं प्रकरण त्यांच्यापुढे गेलं यात नवल नव्हतं. स्वाती माझी मुलगी. हैदराबादच्या एका मोठ्या क्लबात फुटबॉल खेळायला गेली आणि वर्षभरात तो सोडून आदिलाबादला परत आली. का, ते सांगेना. इथल्या लहानशा क्लबाकडून मात्र ती दणादण गोल करू लागली. नातेवाइकांचं मत, वासरांत लंगडी गाय शहाणी. तिच्या आईनं शिक्षिकेच्या कोर्साची चौकशी करून ठेवली आणि जाहीर केलं की मोठ्या क्लबात हिचा निभाव लागला नसेल तर फुटबॉल बंद. भाऊजी म्हणतील तसं. स्वाती बूट घासत राहिली.

साडूंनी आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता. ही त्यांना अडचण वाटली नाही. सामन्याला प्रमुख पाहुण्यांसाठी मांडवात सोफा ठेवला होता, पाहुणे अर्थातच यायचे होते; त्या सोफ्याकडे पाठ करून साडूंनी आपली घडीची खुर्ची थेट गोलच्या जाळीमागं मांडली. पंच हटकायला आला, तर त्यालाच मैदानाची हद्द कुठून कुठवर ते विचारून गप्प केलं. घरी आल्यावर प्रतवारी सुरू झाली. दुसरीनं आयता आणून दिलेला चेंडू जाळीत ढकलला, तो बागायती गोल, पाणी दुसऱ्याचं. पेनल्टीचा गोल इनामी. वरून मिळालेला, त्याचा तोरा मिरवू नये. आणि एकटीनं सगळ्यांना चुकवत नेऊन मारलेला, तो कोरडवाहू.

"पोरीचे बहुतेक कोरडवाहू हायेत," ते म्हणाले. बायको पेढ्यांचा डबा काढायला उठली, तर त्यांनी हात वर केला. मागचा ताबा तपासायचा राहिला होता.

त्यांनी हैदराबादच्या त्या क्लबात फोन लावला, स्पीकर चालू केला आणि आपल्या कचेरीतल्या तेलुगूत विचारलं, ही मुलगी तुमच्याकडे कशी होती? पलीकडचा माणूस कंटाळून म्हणाला, "चाला गोल चेसेदि," आणि फोन ठेवून दिला.

"घ्या. तिथंबी लय गोल करत होती. दाखल."

डबा उघडला गेला. पेढा माझ्या तोंडात अर्धा असताना स्वाती म्हणाली, "मावसाजी, तो गोल नाई म्हणाला. गोल म्हणाला."

शेवटचा ल आपल्यासारखा तोडला तर तो फुटबॉलमधला गोल. जरा ओघळू दिला तर तेलुगूतला गलका. ही लय गलका करायची, असं तो माणूस सांगत होता. मग तिनं सगळं सांगितलं. कोणी मोठा माणूस येणार असला की मुलींचा सराव बंद आणि मुली हार घेऊन उन्हात रांगेत उभ्या. हिनं एकदा हरकत घेतली. पुन्हा घेतली. मग हिला बाकावर बसवलं, ते शेवटपर्यंत.

बायकोनं डब्याला झाकण लावलं. साडूंचा निकाल उलटलेला आम्ही प्रथमच पाहत होतो. स्वातीच्या हातातला रुमाल पिळून दोरी झाला होता.

"म्हणजे तिथं खेळूच देल्लं नाई तुले?"

"नाई."

"मंग ते साल पडीत धरा," ते माझ्या बायकोला म्हणाले. "पेरूच देल्लं नाई, अन् जमीन नापीक म्हनता? पोरगी खेळंल. दाखल."

बायकोनं झाकण काढलं. मला इतकं हलकं वाटलं की उरलेला अर्धा पेढा कुठं गेला ते कळलं नाही. स्वाती आत गेली आणि न्हाणीघरातल्या नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

साडूंना बेल्याच्या बसवर सोडायला मी गेलो. सगळी नोकरी साहेबांच्या दौऱ्यांत गेली, असं ते आपणहून सांगू लागले. वेशीवर हार धरून उभं राहायचं. फुलं मान टाकायची, साहेब दुसऱ्याच रस्त्यानं निघून जायचे.

बस लागली. पायरीवर चढून ते वळले. "पोरगी तिथं गलका करताना नेमकं काय म्हने, ते इचारून ठेवा," ते म्हणाले. "आमाले काई सुचलंच नाई."