सातविणीचा रस आणि मोठ्या काकांची अक्कल

तुमच्या आईला पाचव्या वर्षी हिवताप झाला होता. तिचा जीव वाचला तो औषधाने, आणि ते औषध तिच्या पोटात गेले ते एका माणसाच्या मूर्खपणामुळे. हा माणूस म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका. मुंबईच्या कचेरीत जन्मभर कागदांवर शिक्के मारून मालवणास परतले आणि घरात सर्वज्ञ होऊन बसले.

आपल्याकडे नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने कारिटाचे फळ फोडले की सातविणीच्या सालीचा रस घोटभर घेतात. कडूजहर असतो. वर्षभर ताप येत नाही म्हणतात. वर्षातून एक घोट, एवढीच रीत. काकांनी तो तापलेल्या पोरीला रोज सकाळी पाजायला सुरुवात केली. ती ओकायची. काका म्हणायचे, "वीख भायर पडता."

एक दिवसाआड तिला हुडहुडी भरे, गोधड्यांखाली दात वाजत. मी दवाखान्यातून क्विनीनच्या गोळ्या आणल्या. काकांनी पुडी उचलून आपल्या ट्रंकेत घातली आणि कुलूप लावले.

"दारात सातवीण आसताना ह्यां विलायती वीख पोराक घालतंस गो?"

घरात त्यांच्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. सासूबाई चुलीपुढे पुटपुटल्या, "ह्येंकाच ताप येवक होयो होतो."

गोळ्या ट्रंकेत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पोर डोळे उघडेना. इंग्रजी शाळेत शिकलेले काही या घरात चालणार नाही, हे मला कळून चुकले होते. काकांना पटेल असे काय, एवढाच प्रश्न होता. ते जेवायला बसले तेव्हा मी वाढता वाढता म्हटले, "काकानू, त्यो गोळयेय झाडाच्या सालीच्योच."

घास थांबला. "सालीच्यो?"

"होय. कडू सालीच्यो."

यात खोटे काही नव्हते. क्विनीन सिंकोनाच्या सालीतूनच काढतात. ते झाड दक्षिण अमेरिकेतले, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

"मगे तां आदी सांगूक नको?" काका खुलले. "आमचीच साल! गोऱ्यांनी चोरून नेल्यानी नि गोळये करून आमकाच इकतत. चोर मेले!"

उष्ट्या हातानेच त्यांनी कमरेची किल्ली माझ्याकडे टाकली. मी भाताचे भांडे तिथेच ठेवले आणि ट्रंक उघडली.

आठवडाभरात ताप उतरला. पोरगी उठून बसली आणि तिने पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा मागितला. काका ओटीवर शेजाऱ्यांना सांगत होते की सातविणीपुढे गोऱ्यांचेही काही चालत नाही. शेजारीही माना डोलावत होते, कारण अक्कल त्यांच्याकडेही तेवढीच होती. मग काकांनी मला हाक मारली, "सांग गो ह्येंका, कित्याचो गुण तो?"

"सालीचो, काकानू," मी म्हटले आणि पोरीसाठी बांगडा भाजायला आत गेले.