ग्रामसभेची वही

ग्रामसभेला कोणी येत नाही, म्हणून आमच्या पंचायतीचे शिपाईकाका सह्यांची वही घेऊन घरोघर फिरतात. मी घरातला पहिला बी.ए., तोही राज्यशास्त्राचा, म्हणून मला मुद्दाम छेडतात.

"राजा विचारीत नसे, हुकूमशहा बोलू देत नाही. लोकशाही बघ, सही मागायला पडवीत येते!" आणि स्वतःच हसतात.

परवा वहीत गावावरच्या कातळी सड्यावर होणाऱ्या जांभ्याच्या चिरेखाणीला संमतीचा ठराव होता. त्या जागेच्या उतारालगतची विहीर काकांचीच, आणि पहिली सहीही त्यांचीच.

"काका, तुमचं पाणी जाईल. मी नाही सही करणार."

त्यांनी वही मिटून काखेत घातली. या वेळी हसले नाहीत.

"नको करूस. कोरम कालच भरला. शिकलेल्याची सही असली की वही बरी दिसते, एवढंच."