गोलकीपरच्या बापाचा आवाज

आमच्या घरात आवाज भरपूर आहे, फक्त त्याची वाटणी चुकली आहे. सगळा माझ्याच वाट्याला आला. कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या शेजारी नोकरी करून करून माझा घसा असा तयार झालाय, की मी 'चहा घेणार का?' एवढं विचारलं तरी पाहुणे घाबरून उभे राहतात. आणि माझी मुलगी रेवती? ती काय म्हणाली, हे तिच्या शेजारी बसलेल्यालाही तिच्या आईला विचारावं लागतं.

ही पोर गोलकीपर झाली!

मला वाटायचं, गोलकीपर म्हणजे आरामाची जागा. बाकीच्यांनी धावायचं, आपण खांबाला टेकून गंमत बघायची. फुटबॉलच्या उन्हाळी शिबिरात तिचा सराव बघायला पहिल्यांदा गेलो आणि तोंडचं पाणी पळालं. सकाळचीच वेळ, पण मुरमाचं मैदान तव्यासारखं तापलेलं. तिचे कोच ठवरे सर अगदी जवळून तडातडा चेंडू मारत होते, आणि घरात झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी माझी पोर त्या चेंडूंवर अंग टाकत होती! डावीकडे झेप. धप्प! उठली. उजवीकडे झेप. धप्प! उठली. कोपरं सोललेली, केसांत माती, आणि डोळे चेंडूवर. आपण सगळे जन्मभर अंगावर येणारी वस्तू चुकवत जगतो (मी तर बायकोचे प्रश्नही चुकवतो), आणि ही पुढे होऊन त्या वस्तूला मिठी मारते! माझे हात आपोआप जोडले गेले. (समोरच्या बाईंना वाटलं, मी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला.)

पण ठवरे सरांचं तोंड उतरलेलं.

"काका, झेप एक नंबर आहे तिची. पण पोरगी तोंडच उघडत नाई! उंच चेंडू आला का कीपरनं 'सोड!' म्हणून वरडाचं, मंग आपल्या पोरी बाजूले होतात. नाई वरडली, तर साऱ्या एकमेकीच्या डोक्यावर! रविवारी सराव सामना आहे. आवाज निघाला तर तीच पहिली कीपर. नाई तर बेंचवर बसवा लागन."

रेवती घरी आली ती गप्प. ती नेहमीच गप्प असते, पण एरवी हातमोजे धुऊन दोरीवर टाकते. त्या दिवशी ते पिशवीतच राहिले. मी विचार केला, अडलंय काय, तर आवाज! आणि तो द्यायला घरात साक्षात मी असताना?

पहिली शिकवणी जेवणाच्या ताटावर. "पोळी पायजे असन, तर जोरात 'सोड!' म्हणाचं!"

रेवतीनं शांतपणे नुसता भात खाल्ला.

"पोरीले उपाशी मारता काय?" सुनंदा, म्हणजे आमची ही, कडाडली. (वाटणीत तिलाही थोडा आवाज मिळालाय.)

दुसऱ्या दिवशी मी शिकवणी गच्चीवर नेली. तिथे आमचे शेजारी बोकडे काका आणि उन्हाळ्यासाठी सासुरवाडीला आलेले त्यांचे जावई, दोरानं कूलर वर ओढत होते. जिन्याच्या वळणावर तो अडकत होता म्हणून ही युक्ती. लोखंडी कूलर तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. जावई घामाघूम.

"पाय, असा आवाज पायजे," मी रेवतीला म्हणालो, चेंडू हवेत उडवला, छाती भरून घेतली आणि गरजलो, "सोऽऽड!"

जावयांनी सोडला.

दोर हातातून सरसर जायला लागला तसा बोकडे काकांनीही सोडला. खालून असा आवाज आला, की आमच्या टर्बाइननं मान खाली घालावी! आम्ही सगळे कठड्यावरून वाकलो. कूलर माझ्या स्कूटरवर बसला होता. अगदी ऐसपैस.

"काहून सोडला हो जावईबापू?" बोकडे काका रडकुंडीला आले.

"मामाजी, एवढ्या हुकमानं कोणी म्हणलं, तर सोडाच लागते ना!"

सुनंदानं निकाल दिला, "रविवारी जा, पण तोंडाले दुपट्टा बांधून. आन तो सोडाचा नाई!"

गेलो. उन्हात नागपूरकर बांधतो तसा, फक्त डोळे उघडे. रेवती आज गोलमध्ये होती आणि काय खेळत होती! एक चेंडू तर तिनं बोटांच्या टोकांनी वरच्या दांड्यावरून असा ढकलला, की मी दुपट्ट्यातल्या दुपट्ट्यात 'बापरे' म्हणालो. मग समोरच्या टीमनं कोपऱ्यातून कॉर्नर मारला. चेंडू उंच. आमच्या तिघी पोरी वर बघत एकाच जागी धावल्या. रेवती हात वर करून निघाली, ओठ हलले... आणि आवाजच नाही!

माझा दुपट्टा कधी सुटला, मला कळलं नाही.

"सोऽऽड!"

तिघीही झटकन बाजूला झाल्या. काय शिस्त! आणि रेवतीही झाली. जन्मापासून ज्या आवाजाचं ऐकत आली, त्याचं तिनं ऐकलं. हात खाली घेतले, एक पाऊल मागे सरकली. चेंडू एकदा टप्पा घेऊन, कुणालाही त्रास न देता, जाळीत गेला.

रेवती वळली. हातमोजे घातलेले हात कमरेवर.

"बाबा!! गोल माझा आहे! तुम्ही तोंड बंद ठेवा!!"

पलीकडे क्रिकेट खेळणारी पोरं थांबली. झाडावरचे कावळे उडाले. रस्त्यावरून कोराडीकडे जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकनं ब्रेक मारला. मी तोंड बंद केलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच.

ठवरे सरांच्या तोंडातून शिट्टी पडली. "हाच! हाच आवाज पायजे होता!"

आता तो थांबेना. "सोड वं!" "मागं ये!" "तिले धर!" अख्खी टीम तिच्या शब्दावर डावी-उजवी होत होती, आणि त्यानंतर जाळीत काही गेलं नाही. एवढ्याशा पोरीत एवढं सगळं कुठे दडून होतं? अंगावर काटा आला. ती 'सोड!' म्हणाली की बाहेर मीही एक पाऊल मागे सरकत होतो.

पहिली कीपर रेवतीच झाली. सामना संपल्यावर सरांनी मला बाजूला बोलावलं. मी सत्काराच्या तयारीनं दुपट्टा नीट खांद्यावर घेतला.

"काका, दर सरावाले या. गोलच्या मागं खुर्ची टाकतो. तिचा आवाज बारीक झाला असं वाटलं, का तुम्ही फक्त तोंड उघडाचं. बाकी ती पाहून घेईन."

तेव्हापासून टीमच्या सामानात चेंडूंची जाळी, प्लास्टिकचे शंकू आणि मी असे आहोत. सराव संपला की शंकू आणि चेंडू सरांच्या गाडीत जपून ठेवले जातात. मी मात्र आपला आपण घरी जातो, स्कूटरवरून, जिची सीट अजून कूलरच्या आकाराची आहे!